सिनिअर जायच्या आत ती वही उघडा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: हे वाचक 26 वर्षांचे आहेत. दहावीपर्यंतचं शिक्षण बार्शी तालुक्यात, मराठी माध्यमात. गेली दोन वर्षं पुण्यातल्या एका लहान कंपनीत नोकरी. कंपनी व्यापाऱ्यांसाठी बिलिंग आणि गोडाऊनचं सॉफ्टवेअर बनवते, आणि ते पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या जँगो या फ्रेमवर्कवर, म्हणजे वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्यावर, उभं आहे. जँगोच्या वर तिथल्या सिनिअरनी स्वतःचा एक थर रचलाय, ऑफिसात त्याला सगळे 'कोअर' म्हणतात. सिनिअरनी राजीनामा दिलाय, नोटीस पिरियडचे सहा आठवडे उरलेत, आणि 'कोअर'चं डॉक्युमेंटेशन, म्हणजे ते कसं चालतं याची लेखी माहिती, लिहायचं काम मॅनेजरनी यांच्यावर सोपवलंय. ते लिहितात: "जँगोचं मूळ डॉक्युमेंटेशन मला झेपत नाही. क्वेरीसेटचं (डेटाबेसकडे डेटा मागायच्या सोयीचं) पान तीनदा वरपासून वाचायला घेतलं, तिन्ही वेळा अर्ध्यात सोडलं. मी व्हिडिओ बघून शिकलोय. ज्याला वाचता येत नाही त्यानं लिहायचं कसं? इंग्रजी जेमतेम. सिनिअर म्हणतात, कोड वाच, सगळं त्यातच आहे. त्यांना तेच तेच विचारायची लाज वाटते, म्हणून त्यांनी दिलेली उत्तरं मी एका वहीत लिहून ठेवतो. आधी इंग्रजीचा क्लास लावू, की एआयकडून लिहून घेऊन मोकळा होऊ?"

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही अगदी जाता जाता लिहिली आहे: ती वही. बाकी पत्रभर आपल्याला काय येत नाही याचीच यादी आहे. वहीकडे मी परत येणार आहे. त्याआधी तुमच्या मनात जे पक्कं बसलंय ते जरा तपासून बघू.

"मला डॉक्युमेंटेशन वाचता येत नाही" असं तुम्ही म्हणता, पण क्वेरीसेटचं ते पान वरपासून खालपर्यंत वाचायचं पानच नाही. एसटी स्टँडवरचं वेळापत्रक आठवा. बार्शीची गाडी किती वाजता आहे एवढं बघायचं आणि निघायचं. पहिल्या ओळीपासून ते कुणी वाचत बसत नाही, आणि वाचायला गेलं तर कुणालाही कंटाळा येईल. जँगोच्या डॉक्युमेंटेशनच्या पहिल्याच पानावर त्याची विभागणी कशी केली आहे ते लिहिलंय. ट्युटोरियल हात धरून चालवतं. त्यातलं मतदानाचं छोटं अ‍ॅप तुम्ही बहुतेक केलं असेल. टॉपिक गाइड एखादी कल्पना समजावून सांगतं. हाऊ-टू एका ठरावीक कामाची कृती देतं. आणि रेफरन्स म्हणजे वेळापत्रक. तुम्ही समजून घ्यायला गेलात आणि वेळापत्रकाच्या पानावर जाऊन बसलात. क्वेरीसेट समजून घ्यायचा असेल तर टॉपिक गाइडमधलं क्वेरी कशा लिहायच्या हे पान आधी वाचा. क्वेरीसेट 'आळशी' असतो, म्हणजे तुम्ही फिल्टरवर फिल्टर लावत गेलात तरी खरोखर डेटा मागेपर्यंत तो डेटाबेसकडे फिरकत नाही, ही गोष्ट तिथे नीट सांगितली आहे. ती एकदा कळली की रेफरन्सचं पान अचानक कामाचं वाटू लागतं.

ही चार प्रकारांची वाटणी डॅनिएले प्रोचिडा यांनी पुढे 'डायाटॅक्सिस' या नावानं मांडली. ते जँगोच्या कामात बराच काळ होते. त्यांचं म्हणणं साधं आहे: वाचणारा शिकायला आलाय, काम उरकायला आलाय, माहिती शोधायला आलाय की कारण समजून घ्यायला आलाय, हे आधी ठरवा, चारही एका पानात कोंबलं की कुणाचंच भागत नाही. लिहिताना हे तुमच्या उपयोगी पडेलच, पण आधी वाचताना वापरा. पान उघडण्यापूर्वी स्वतःला विचारा, मला आत्ता नेमकं काय हवंय?

दुसरी अडचण बहुतेकांना कळतच नाही आणि माणसं उगीच स्वतःला दोष देत बसतात. ती म्हणजे व्हर्जन. जुन्या व्हिडिओत शिकवतात की वेबपानांचे पत्ते कोडशी जोडायला जँगोमधून 'यूआरएल' हे फंक्शन इंपोर्ट करा. तुम्ही अक्षर न अक्षर तसंच लिहिता आणि समोर एरर येते, हे नाव इंपोर्ट होऊ शकत नाही. तुमचं काहीच चुकलेलं नसतं. डिसेंबर 2017मध्ये जँगो 2.0 आलं, त्यात 'पाथ' हे नवं, सोपं फंक्शन आलं. जुनं फंक्शन काही वर्षं चालू ठेवलं आणि डिसेंबर 2021च्या 4.0मध्ये काढून टाकलं. व्हिडिओ मात्र तिथेच आहे, आणि लाखो लोकांनी बघितलाय म्हणून शोधात वर येतो. तुमच्या प्रोजेक्टच्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये (लागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या यादीत) जँगोचं कुठलं व्हर्जन लिहिलंय ते आजच बघा, आणि डॉक्युमेंटेशनच्या पानावर कोपऱ्यात व्हर्जन निवडायची सोय असते तिथे तेच निवडा. व्हर्जन बंद पडलेलं असेल तर पानाच्या वरच तशी सूचना दिसते. आणि एखादी गोष्ट काल चालत होती, आज नाही असं झालं, तर रिलीज नोट्स, म्हणजे प्रत्येक व्हर्जनमधल्या बदलांची नोंद, उघडा. त्या फार कमी लोक वाचतात. मला विचाराल तर जँगोच्या डॉक्युमेंटेशनचा सगळ्यात प्रामाणिक भाग तोच आहे. काय मोडलं, का मोडलं आणि त्याऐवजी काय वापरायचं, हे तिथे उघडपणे लिहिलेलं असतं.

एररवरून शोधायचं असेल तर ट्रेसबॅक (एररपर्यंत कोड कुठून कुठून गेला त्याची यादी) खालून वाचायला घ्या. पायथनमध्ये सगळ्यात शेवटचा कॉल सगळ्यात खाली असतो. शेवटच्या ओळीतून आपल्या फाइलची आणि टेबलची नावं काढून टाका, उरलेलं शोधा.

आता चांगल्या डॉक्युमेंटेशनमधली एक जागा जवळून बघू. मॉडेल फील्डच्या (डेटाबेसमधल्या रकान्यांच्या) रेफरन्समध्ये 'नल' आणि 'ब्लँक' असे दोन पर्याय आहेत. दोन्हींचा अर्थ 'रिकामं चालेल' असाच वाटतो, म्हणून नवे लोक दोन्हीकडे 'ट्रू' लिहून टाकतात. डॉक्स, म्हणजे डॉक्युमेंटेशन, एका वाक्यात फरक सांगतात: नल हा डेटाबेसचा विषय आहे, ब्लँक हा फॉर्मच्या तपासणीचा. आणि पुढे बजावतात की मजकुराच्या फील्डला शक्यतो नल देऊ नका, कारण मग 'माहिती नाही' हे दोन प्रकारे लिहिलं जातं: एक नल, एक रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर). तुमच्याच सॉफ्टवेअरमध्ये हे लावून बघा. ग्राहकाचा जीएसटी नंबर समजा अशा फील्डमध्ये आहे. ज्यांचा नंबर नाही अशांची यादी मागितली, तुम्ही रिकामी स्ट्रिंग शोधलीत आणि निम्मे ग्राहक यादीत आलेच नाहीत, कारण त्यांच्याकडे नल पडलाय. त्या दोन ओळी लिहिणाऱ्याला ही फजिती आधीच माहीत होती. व्याख्या देऊन तो थांबला नाही, वाचणारा कुठे पाय घसरून पडेल हे त्यानं ओळखलं.

त्या ओळींचं इंग्रजीही मुद्दाम बघा. छोटी वाक्यं, तेच तेच शब्द. जँगो वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मलं, अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी. एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी 2003मध्ये तिथल्या दैनिकाच्या वेबसाइटसाठी ते लिहायला घेतलं आणि जुलै 2005मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. वाचकासाठी लिहिणाऱ्या माणसांच्या शेजारी बसून ते घडलं, आणि मला त्या डॉक्सच्या भाषेत ते जाणवतं. तेव्हा इंग्रजीचा क्लास लावायचा असेल तर स्वतःसाठी खुशाल लावा, पण या कामासाठी त्याची वाट बघू नका. 'कोअर'चं डॉक्युमेंटेशन वाचणारी माणसं तुमच्याच ऑफिसातली असणार आहेत. त्यांना "आधी हे चालवा, मग ते तपासा" एवढं इंग्रजी पुरतं, आणि तेवढं तुम्हाला येतं. पहिला खर्डा मराठीत लिहा. विचार मराठीत सरळ येतो, मग त्याचं साधं इंग्रजी करा. तुमच्या टीममध्ये सगळे मराठी वाचणारे असतील तर काही पानं मराठीतच का राहू नयेत, हेही मॅनेजरना विचारा. शब्द तांत्रिक राहतील, वाक्य आपलं राहील.

आता ती वही. तुम्हाला वाटतं की ज्याला सगळं येतं तोच डॉक्युमेंटेशन लिहू शकतो. माझा अनुभव उलटा आहे. सिनिअरना 'कोअर' इतकं अंगवळणी पडलंय की नव्या माणसाला त्यात काय अडतं हे त्यांना आता दिसतच नाही. तुम्हाला दिसतं, कारण तुम्ही तिथे अडला होतात आणि अडलेली प्रत्येक जागा लिहून ठेवली आहेत. लाजेपोटी का होईना, गेली दोन वर्षं तुम्ही डॉक्युमेंटेशनच लिहीत आहात. वही उघडा आणि एकच प्रश्न जिथे दोनदा विचारलाय तिथे खूण करा. तुमची पहिली पानं तीच.

सिनिअरचं "कोड वाच" हे म्हणणं अर्धं बरोबर आहे. कोड काय करतो हे कोडमध्ये असतं. का करतो हे बहुतेक वेळा नसतं. याचा चटका मी स्वतः घेतलाय. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका कंपनीत साठ्याच्या हिशोबाचं काम बघत होते. त्या कोडमध्ये एक अट होती: तारीख 1 ते 5 एप्रिल असेल तर काही नोंदी मागच्या वर्षात धरायच्या. वर कॉमेंट फक्त एवढीच, "हे काढू नका". लिहिणारा माणूस केव्हाच सोडून गेलेला. आम्ही साफसफाई काढली, सगळ्या चाचण्या पास झाल्या, ही अट कुणाला समजावता येईना, म्हणून मी ती काढली. ऑगस्ट महिना होता. त्यामुळे सात-आठ महिने काहीच झालं नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ग्राहकाचा फोन आला, वर्षअखेरचा साठा जुळत नव्हता. त्यांच्या लांबच्या गोडाऊनमधून 31 मार्चच्या पावत्या चार-पाच दिवस उशिरा यायच्या आणि आल्या त्या दिवसाच्या तारखेनं चढायच्या, ती अट त्यासाठी होती. आम्ही तिघं दोन रात्री बसून त्या नोंदी हातानं लावत होतो. "हे काढू नका" लिहिणाऱ्याला कारण माहीत होतं. आणखी एक ओळ लिहिली असती तर पुरे होतं. मी त्या अटीजवळ ती ओळ नंतर लिहिली, ग्राहकाच्या गोडाऊनच्या उल्लेखासकट.

म्हणून सिनिअर जायच्या आधीचे सहा आठवडे तुम्हाला वाटतात त्याहूनही मोलाचे आहेत असं मला वाटतं. 'कोअर' कसं चालतं हे नंतरही शोधून काढता येईल; तसं का आहे हे त्यांच्याबरोबर जाईल. आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास मागा, आणि हे मॅनेजरकडून कॅलेंडरवर टाकून घ्या, म्हणजे ती तुमची वैयक्तिक विनवणी राहणार नाही. "सर, कोअर समजावून सांगा" असं मोघम विचारू नका, त्यावर कुणीही कोड वाच म्हणेल. कोड समोर उघडा आणि नेमकं विचारा. जँगोचं स्वतःचं परवानग्यांचं काम असताना तुम्ही वेगळं का लिहिलंत? आधी काय करून बघितलं होतं, ते का सोडलं? कुठल्या फाइलला हात लावायची तुम्हाला स्वतःला भीती वाटते? या शेवटच्या प्रश्नाला माणसं फार खरी उत्तरं देतात. रेकॉर्ड करायला चालेल का तेही विचारा. प्रत्येक निर्णयासाठी अर्धं पान ठेवा: तेव्हा परिस्थिती काय होती, काय ठरवलं, त्यामुळे काय सोसावं लागतंय. अशा नोंदी ठेवायची पद्धत मायकल नायगार्ड यांनी 2011मध्ये सुचवली होती, आणि बऱ्याच टीम ती पाळतात. खाली तारीख घाला.

एआयबद्दल विचारलंत. वापरा, पण कुठे ते ठरवून. तुमच्या मराठी खर्ड्याचं इंग्रजी सुधारायला, सुटलेल्या पायऱ्या विचारायला, फंक्शनांची यादी काढायला त्याचा उपयोग आहे. संपूर्ण 'कोअर' त्याच्यापुढे टाकून "डॉक्युमेंटेशन लिही" म्हटलंत तर पानंच्या पानं येतील, दिसायला देखणी, आणि त्यात कोडमध्ये आहे तेच पुन्हा असेल. कारण माहीत नसेल तिथे शक्यता आहे की ते एखादं पटण्याजोगं कारण रचून देईल, आणि तो धोका कोऱ्या पानापेक्षा मोठा आहे. जँगोच्या सुरुवातीच्या काळापासून त्यावर काम केलेले जेकब कॅप्लन-मॉस यांनी 2009मध्ये चांगल्या डॉक्युमेंटेशनवर एक लेखमाला लिहिली होती. कोडमधून आपोआप काढलेलं डॉक्युमेंटेशन जवळपास निरुपयोगी, असं त्यात त्यांनी रोखठोक म्हटलं होतं. तेव्हा ही एआयची साधनं नव्हती, पण बोलणं आजही लागू पडतं. कंपनीचा कोड बाहेरच्या साधनात टाकायची परवानगी आहे का, हे आधी विचारा.

फरक डोळ्यांनी दिसावा म्हणून एक नमुना. समजा 'कोअर'मध्ये बिल बंद करणारं फंक्शन आहे. आपोआप लिहिलेली डॉकस्ट्रिंग (फंक्शनच्या आतच लिहिलेली त्याची माहिती) अशी येईल: "हे फंक्शन बिल बंद करतं. बिलाचा आयडी घेतं." नावावरून हे कळतच होतं. तुम्ही लिहाल ती अशी हवी: "बिल बंद करून त्यातल्या नोंदींना कुलूप लावतं. बंद बिल परत उघडता येत नाही, हे मुद्दाम आहे. जीएसटी रिटर्नमध्ये दाखवलेली रक्कम मागाहून बदलू नये म्हणून. रक्कम कमी करायची असेल तर क्रेडिट नोट काढा. बिल आधीच बंद असेल तर काही न करता परत येतं, एरर देत नाही." पाच वाक्यं. शेवटचं वाक्य एखाद्याची अख्खी दुपार वाचवेल.

हे सगळं ठेवायचं कुठे? कोडच्याच रिपॉझिटरीत (कोड साठवायच्या जागेत), एका डॉक्स फोल्डरमध्ये, साध्या मजकुराच्या फाइलींत. जँगोचं डॉक्युमेंटेशनही त्याच्या कोडशेजारीच असतं, आणि नवी सोय घालणाऱ्याला तिचं डॉक्युमेंटेशनही सोबत द्यावं लागतं. वेगळ्या ड्राइव्हवर ठेवलेली देखणी फाइल सहा महिन्यांत शिळी होते आणि लोक तिच्यावर विश्वास ठेवायचं सोडतात. कोड बदलणाऱ्यानं त्याच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल मंजुरीला पाठवताना) पान बदलावं, आणि रिव्ह्यू करणाऱ्यानं ते बघावं, एवढा एक नियम मॅनेजरकडून मंजूर करून घ्या. ही जबाबदारी कायमची एकट्या तुमच्या गळ्यात पडू नये, यासाठीही तो हवा.

ज्यांच्यावर लिहायची वेळ आलेली नाही, पण प्रोजेक्टसाठी एखादी छोटी लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) निवडायची आहे, अशा वाचकांसाठी इथेच सांगते. लायब्ररीला लोकांच्या पसंतीचे किती स्टार आहेत हे बघण्याआधी तिचं डॉक्युमेंटेशन उघडा. कुठल्या व्हर्जनवर चालते हे लिहिलंय का? बदलांची नोंद आहे का, शेवटची कधीची? पहिलं उदाहरण जसंच्या तसं चालतं का? आणि हिला काय जमत नाही हे कुठे सांगितलंय का? ज्यांनी मर्यादा लिहून ठेवल्यात त्यांच्यावर मी लवकर विश्वास ठेवते.

सुरुवातीला पानं फार करू नका. पहिलं पान एकच: नव्या लॅपटॉपवर 'कोअर'सकट प्रोजेक्ट कसा उठवायचा. वहीची पहिली पानं याचीच असणार. कुठली सेटिंग्जची फाइल कुणाकडून मागायची, मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या फाइली) कुठल्या क्रमानं चालवायची, शेवटी ब्राउझरमध्ये काय दिसलं म्हणजे जमलं, हे सगळं लिहा. मग ऑफिसात सगळ्यात नवा जो मुलगा किंवा मुलगी असेल तिला ते पान आणि कोरा लॅपटॉप द्या आणि शेजारी बसा. ती अडेल तेव्हा तोंडानं सांगायचा मोह होईल. सांगू नका. कुठल्या ओळीवर अडली ते वहीत लिहून घ्या आणि ती ओळ त्याच दिवशी दुरुस्त करा.